उशिरा पोहोचलेला संकेत : संगणकीय माउसच्या अनियमित वर्तनाची ऐतिहासिक मीमांसा

बीजसंज्ञा : इंटरप्ट, माउस, समक्रमण, प्रोसेसर, ग्रामीण संगणक शिक्षण

प्रस्तावना :

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, २००१ साली, महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि संगणक साक्षरतेचा प्रसार राज्याच्या ग्रामीण भागात वेगाने सुरू झाला. कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा आणि त्यासारख्या गावांतील तरुण पिढीची संगणकाशी पहिली ओळख याच काळात झाली. ही ओळख होते ती माउसच्या द्वारे. हात टेबलावर हलतो, बाण पडद्यावर हलतो आणि या दोहोंत काही नाते आहे हे प्रथमच उमगते. परंतु त्या काळातील अनेक यंत्रांवर हे नाते मध्येच तुटत असे. बाण क्षणभर थिजे, मग एकदम पडद्याच्या कोपऱ्यात उडी घेई. कधी बटण न दाबताही खिडक्या उघडत.

अशा वेळी दोष कोणाला दिला जाई, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. नवशिक्या विद्यार्थ्याला प्रथम स्वतःच्या हाताचाच संशय येतो. त्याने यंत्राकडे बोट दाखवलेच, तर ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण ऐकवण्यास कोणीतरी तयार असतेच. दुसरा संशयित म्हणजे माउस. तो उघडून त्यातील चेंडू पुसला जाई आणि तरीही फरक न पडल्यास बदलला जाई. नवा माउसही तसाच वागू लागला म्हणजे प्रकरण वीजदाबावर किंवा व्हायरसवर ढकलले जाई. वस्तुतः अशा तक्रारींपैकी एका मोठ्या वर्गात हात, माउस आणि वीज तिन्ही निर्दोष असतात. माउस आपला संकेत वेळेवर देतो. तो संकेत ऐकण्यास संगणकाचा प्रोसेसर वेळेवर येत नाही. हा उशीर कोठून आला, याचे उत्तर यंत्राच्या पेटीत जितके आहे तितकेच संगणकाच्या इतिहासात आहे. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा मागोवा घेतला आहे.

इंटरप्टची कल्पना :

प्रोसेसर हा एका वेळी एकच काम करणारा लेखनिक आहे असे मानले, तर इंटरप्ट म्हणजे त्याच्या दारावर वाजलेली कडी होय. कडी वाजताच लेखनिक वहीत चालू ओळीवर खूण करतो, दारी आलेल्याचे म्हणणे लिहून घेतो आणि पुन्हा त्याच ओळीपासून काम पुढे नेतो. अशी कडी नसती तर त्याला दर काही क्षणांनी उठून दार उघडून पाहावे लागले असते. पहिल्या पिढीतील संगणकांची स्थिती नेमकी अशीच होती.

१९५१ च्या युनिव्हॅक-१ या संगणकात गणिती क्रियेचे उत्तर मर्यादेबाहेर गेल्यास चालू काम थांबवून दुसरीकडे वळण्याची सोय होती. मात्र बाहेरील साधनाने प्रोसेसरला हाक मारावी, ही सोय १९५४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने बांधलेल्या डायसिअॅक या संगणकात आढळते. ट्रकच्या ट्रेलरमध्ये बसवलेला हा फिरता संगणक होता. इंटरप्टचा जन्म अशा रीतीने सोयीच्या पोटी झाला. महागड्या यंत्राचा वेळ वाट पाहण्यात जाऊ नये, एवढाच त्यामागील हेतू होता.

या सोयीची किंमत प्रथम ज्याला स्पष्ट दिसली तो डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा होय. अॅमस्टरडॅम येथील गणित केंद्रातील त्याचे सहकारी लूप्स्ट्रा व शोल्टेन हे एक्स-१ या संगणकाची रचना करीत होते आणि त्यात इंटरप्ट असावा असे त्यांचे म्हणणे होते. डाइक्स्ट्रा या प्रस्तावाने धास्तावला. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. इंटरप्ट कोणत्या क्षणी येईल हे कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या हाती नसते. त्यामुळे एकदा घडलेली चूक पुन्हा घडवून दाखवता येत नाही आणि जी चूक पुन्हा घडवता येत नाही ती शोधणार कशी? अखेर त्याने आव्हान स्वीकारले, एक्स-१ साठी इंटरप्ट हाताळणारा कार्यक्रम लिहिला आणि १९५९ साली याच विषयावर डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. माउसची उडी दुरुस्त करणाऱ्यासमोर ‘आणून दाखवला तेव्हा बरोबर चालत होता’ ही जी अडचण उभी राहते, ती १९५० च्या दशकातच ओळखली गेली होती.

इंटरप्टबरोबर आणखी एक युक्ती आली, ती म्हणजे कडीला काही काळ बांधून ठेवणे. नाजूक काम चालू असताना प्रोसेसर बाहेरचे संकेत रोखून धरू शकतो. याला इंटरप्ट झाकणे असे म्हणता येईल. ही युक्ती अपरिहार्य आहे. पण कडी किती वेळ बांधावी याची मर्यादा यंत्र घालून देत नाही, ती कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या विवेकावर सोडलेली असते. पुढील सर्व कथा या मोकळीकीची आहे.

मुंबई आणि पुणे :

महाराष्ट्रातील संगणकाचा इतिहास टाटा मूलभूत संशोधन संस्थेपासून सुरू होतो. तेथे आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९५६ साली एक प्रायोगिक यंत्र व १९६० साली पूर्ण संगणक कार्यान्वित झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. पुढे १९६४ साली याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. या युगात संशोधक पंचकार्डांचा गठ्ठा खिडकीत देई आणि नंतर छापील उत्तर घेऊन जाई. एखादा संकेत दहा-वीस सहस्रांश सेकंद उशिरा हाताळला गेला तरी त्या संशोधकाला त्याचा पत्ता लागण्याचे कारण नव्हते. विलंब होता, पण त्याचा साक्षीदार कोणी नव्हता. माउसने तो साक्षीदार पुरवला.

पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्राची गोष्ट वेगळी आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या या केंद्रात विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक सिद्ध झाला. त्यात वापरलेली ट्रान्सप्यूटर ही चिप इंग्लंडच्या इन्मॉस कंपनीची होती. माउसशी परमचा काही संबंध नाही, तरी येथे त्याचा उल्लेख मुद्दाम केला आहे. कारण ट्रान्सप्यूटरने इंटरप्टचा प्रश्न मुळापासून निराळ्या पद्धतीने सोडवला होता. त्यात बाहेरून आलेला संकेत हा अचानक वाजलेली कडी नसून, वाट पाहत बसलेल्या एखाद्या प्रक्रियेला मिळालेला निरोप असे. कोणत्या प्रक्रियेला आधी उठवायचे हे चिपमध्येच ठरलेले असे. टोनी होअर यांनी १९७८ साली मांडलेल्या संवादी प्रक्रियांच्या सिद्धान्तावर ही रचना उभी होती. डाइक्स्ट्राने ज्याची धास्ती घेतली त्यावरचे हे एक सुसंगत उत्तर होते आणि ते पुण्यात कार्यरत होते. बाजारातील वैयक्तिक संगणक मात्र त्याच वर्षी १९८१ च्या रचनेचे ओझे वाहत होता आणि शाळा-महाविद्यालयांत जो संगणक आला तो बाजारातला.

वैयक्तिक संगणकाचा वारसा :

माउसचा पहिला लाकडी नमुना डग्लस एंगलबर्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये तयार केला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. झेरॉक्सच्या १९७३ च्या आल्टो संगणकात माउस हा यंत्राच्या मूळ रचनेचाच भाग होता. स्मृती ताजी ठेवण्याचे जे काम अखंड चालते, त्याच फेऱ्यात माउसची स्थितीही पाहिली जाई, त्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष होण्याचा प्रश्नच उद्भवत नसे.

आयबीएमच्या १९८१ च्या वैयक्तिक संगणकात माउसचा विचार नव्हता. त्यात इंटेलची ८२५९ ही इंटरप्ट नियंत्रक चिप होती आणि तिच्यावर आठ वाहिन्या होत्या. १९८४ च्या एटी नमुन्यात दुसरी चिप जोडून वापरण्याजोग्या वाहिन्या पंधरा झाल्या. माउस प्रथम सिरियल पोर्टवरून या यंत्रात शिरला, म्हणजे घर बांधून झाल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा. सिरियल माउस आपली प्रत्येक हालचाल तीन बाइटांत, सेकंदाला १२०० बिट या वेगाने पाठवी. एका बाइटला सुमारे साडेसात सहस्रांश सेकंद लागत. पोर्टवरील ८२५० या चिपच्या ओट्यावर एकच बाइट उभा राहू शके. तेवढ्या वेळात प्रोसेसर आला नाही, तर पुढचा बाइट येऊन आधीच्याला ढकलून देई.

याहून त्रासदायक प्रकार वाहिन्यांच्या वाटणीतून उद्भवला. पहिला व तिसरा सिरियल पोर्ट दोघेही चौथ्या वाहिनीवर होते आणि त्या रचनेत एका वाहिनीवर दोन साधने एकाच वेळी सुखाने नांदू शकत नसत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. मुंबईतील ज्या ग्राहकाचा माउस पहिल्या पोर्टवर आणि मोडेम तिसऱ्या पोर्टवर असेल, त्याचा माउस दूरध्वनी लागताच मृतवत होण्याची शक्यता होती. असा माउस बदलणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखेच होते. खरा उपाय मोडेमला दुसरी वाहिनी देण्याचा.

पीएस/२ माउस आणि समक्रमणाचा प्रश्न :

१९८७ साली आयबीएमने पीएस/२ मालिका आणली आणि माउसला स्वतःचे दार मिळाले, बारावी वाहिनी. २००० नंतरच्या दशकात ग्रामीण महाराष्ट्रात पोहोचलेल्या बहुसंख्य संगणकांच्या पाठीमागे हेच गोल, हिरवे दार होते. वरवर पाहता ही प्रगती होती. परंतु एका बाबतीत ती पीछेहाट ठरली आणि तिकडे फारसे लक्ष वेधले गेलेले नाही.

सिरियल माउसच्या तीन बाइटांपैकी पहिल्यावर अशी खूण असे, जी उरलेल्या दोहोंवर कधीच नसे. मधला एखादा बाइट हरवला तरी पुढची खूण दिसताच संगणक पुन्हा ताळ्यावर येई. पीएस/२ माउसच्या पहिल्या बाइटमध्येही एक बिट नेहमी १ असतो. पण तोच बिट हालचालीच्या बाइटांतही १ असू शकतो. म्हणजे गणवेश आहे, पण तो शाळेबाहेरच्यांनाही घालता येतो. परिणामी एक बाइट निसटला की संगणक दुसऱ्याला पहिला समजू लागतो. हात किती सरकला याचा आकडा ‘कोणते बटण दाबले’ म्हणून वाचला जातो. बटण न दाबता खिडक्या उघडण्यामागचे कारण बहुधा हेच असते. त्यात कोणत्याही व्हायरसचा हात नसतो.

उशिराचा संबंध येथे येतो. पीएस/२ नियंत्रकाचा ओटाही एकाच बाइटचा आहे, मात्र तो भरलेला असताना नियंत्रक माउसला थांबवून धरतो. माउस तोवर हालचाल स्वतःजवळ साठवतो आणि मोकळीक मिळताच एकदम सांगतो. म्हणून सौम्य विलंबात बाण थिजतो आणि मग उडी घेतो. विलंब वाढला की प्रकरण चिघळते, आणि ते चिघळवणारा बहुतेक वेळा माउसचा ड्रायव्हर म्हणजे त्याची भाषा जाणणारा कार्यक्रमच असतो. डिसेंबर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स २.६ मधील ड्रायव्हरचे उदाहरण बोलके आहे. एका गठ्ठ्यातील दोन बाइटांमध्ये अर्ध्या सेकंदाहून अधिक खंड पडला, तर तो समक्रमण हरवल्याचा निष्कर्ष काढतो आणि जमलेले बाइट टाकून देतो. वास्तविक बाइट हरवलेला नसतो, केवळ त्याच्या आगमनाची वर्दी उशिरा पोहोचलेली असते. बाइट टाकून दिल्यावर मात्र समक्रमण खरोखरच बिघडते. ‘समक्रमण हरवले, एक बाइट टाकला’ अशा आशयाची नोंद हा ड्रायव्हर करतो. फ्रीबीएसडी या प्रणालीतील ड्रायव्हरही अशाच प्रसंगी ‘विलंब फार झाला’ अशी नोंद करून बाइटांची मोजणी नव्याने सुरू करतो. या नोंदी ज्यांनी वाचल्या त्यांना रोगाचे नाव आयतेच मिळाले. विंडोजच्या वापरकर्त्यासमोर अशी नोंद सहसा येत नसे आणि ग्रामीण प्रयोगशाळांतील यंत्रे प्रामुख्याने विंडोजवर चालत.

विलंबाचे खरे धनी :

कडी कोण बांधून ठेवत होते? त्या काळातील प्रमुख संशयित म्हणजे हार्ड डिस्क. डिस्कवरील माहिती दोन रीतींनी स्मृतीत येते. एका रीतीत डिस्क नियंत्रक ती स्वतः वाहून आणतो, याला डीएमए म्हणतात. दुसरीत, म्हणजे पीआयओ पद्धतीत, प्रोसेसर स्वतः एकेक शब्द उचलून ठेवतो. हे हमालीचे काम चालू असताना लिनक्सचा जुना डिस्क ड्रायव्हर इतर इंटरप्ट झाकून ठेवत असे. ते उघडे ठेवण्याची आज्ञा उपलब्ध होती, तिने माउस व मोडेम दोन्ही सुधारत, तरीही ती मुळात बंद ठेवलेली होती. हे आळसापोटी नव्हते. आरझेड-१००० आणि सीएमडी-६४० या नावांच्या दोन डिस्क नियंत्रक चिप्स सदोष होत्या आणि मध्येच व्यत्यय आल्यास डिस्कवरील माहिती भ्रष्ट होण्याचा धोका होता. माउसची सलगता की माहितीची सुरक्षितता, असा प्रश्न उभा राहिल्यावर ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी माहितीची बाजू घेतली. त्यांचा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. खंत एवढीच, की त्या सदोष चिप्स ज्यांच्या यंत्रात नव्हत्या त्यांनीही हा भार वाहिला.

विंडोज २००० व एक्सपी या प्रणालींतील प्रकार अधिक आडवळणाचा होता. डिस्कशी व्यवहार करताना सहा वेळा चूक झाली की प्रणाली वेग एक पायरी उतरवी आणि उतरत उतरत पीआयओपर्यंत येई. चुका लागोपाठच व्हाव्यात असे नव्हते, त्या महिनोन्‌महिने साठत. ओरखडे पडलेली सीडी, सैल बसलेली पट्टीसारखी केबल, किंवा ऐंशी तारांच्या जागी जोडलेली चाळीस तारांची जुनी केबल एवढे कारण पुरेसे होते. खाली उतरलेली प्रणाली आपण होऊन वर चढत नसे. मग फाइलची नक्कल सुरू होताच बाण अडखळे. तक्रार नोंदवली जाई माउसची, बिघाड असे केबलमध्ये आणि दुरुस्ती होई डिव्हाइस मॅनेजरमधून आयडीई वाहिनी काढून यंत्र पुन्हा सुरू केल्यावर. इतक्या दूरच्या कारणाशी या लक्षणाची सांगड घालणे, ज्याला इंटरप्टची कल्पना शिकवलेलीच नाही अशा प्रयोगशाळा सहायकाकडून अपेक्षिणे अन्यायाचे आहे. संगणक साक्षरतेच्या अभ्यासक्रमांचा भर स्वाभाविकपणे वापरावर राहिला, यंत्राच्या अंतरंगावर नाही.

तिसरा धनी सर्वांत अदृश्य. १९९० साली इंटेलने ३८६एसएल या लॅपटॉपसाठीच्या प्रोसेसरमध्ये एक गुप्त अवस्था आणली. तिच्यात यंत्राचे मूळ फर्मवेअर प्रोसेसरचा ताबा घेते आणि काम आटोपून परत देते. कार्यप्रणालीला यातले काहीच कळत नाही, तिच्या लेखी तेवढा काळ घडलेलाच नसतो. बॅटरीत किती भार उरला हे पाहण्यासाठी काही लॅपटॉप याच मार्गाचा अवलंब करीत. त्यामुळे बॅटरीचे चिन्ह दर काही सेकंदांनी अद्ययावत होताना बाण ठरावीक तालात अडखळे. तालबद्धता हीच येथील निदानाची किल्ली होती.

निदानाची पारंपरिक रीतही या इतिहासाच्या प्रकाशात तपासता येते. चेंडूच्या माउसमध्ये कचरा साठला तर बाण सहसा एकाच दिशेला, आडवा किंवा उभा, अडतो, कारण दोन दिशांचे रूळ वेगळे असतात. तो स्वतःहून बटणे दाबत नाही. उशिराच्या इंटरप्टमध्ये दोन्ही दिशा एकदम बिघडतात, बिघाड डिस्कचा दिवा लागलेला असताना किंवा ठरावीक कालांतराने होतो आणि माउस दुसऱ्या यंत्राला लावल्यास नाहीसा होतो. लिनक्समध्ये प्रत्येक वाहिनीवर किती इंटरप्ट आले याची मोजणी वाचता येते. विंडोजमध्ये डिस्क कोणत्या पद्धतीने चालते हे डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसत असे. यापैकी कशालाही पैसा लागत नाही. नव्या माउसला लागतो.

इंटरप्टविना माउस :

१९९६ च्या जानेवारीत यूएसबीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्या निर्मितीत वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट यांचा मोठा वाटा आहे. यूएसबी माउस प्रोसेसरच्या दाराची कडी वाजवतच नाही. यूएसबी नियंत्रक ठरावीक अंतराने, सामान्यतः सेकंदाला १२५ वेळा, त्याला विचारतो. माउसचे उत्तर अखंड गठ्ठ्यात येते, त्याची शुद्धता तपासली जाते आणि ते बिघडले तर पुन्हा मागवले जाते. निम्मा गठ्ठा हरवून उरलेल्याचा भलताच अर्थ लागण्याची शक्यता त्यामुळे संपली. गंमत अशी की या देवघेवीला यूएसबीच्या परिभाषेत ‘इंटरप्ट हस्तांतरण’ म्हणतात. प्रत्यक्षात ते पुन्हा दार उघडून पाहणेच आहे, फक्त पाहण्याचे काम लेखनिकाऐवजी द्वारपालाला दिलेले आहे.

विलंब मात्र नाहीसा झाला नाही. यूएसबी नियंत्रकालाही शेवटी प्रोसेसरला हाक मारावी लागते आणि सदोष ध्वनी किंवा वायरलेस ड्रायव्हर आजही बाण अडखळवू शकतात. इंटरप्टचे बहुतांश काम क्रमवारी लावता येईल अशा धाग्यांत हलवण्याची सोय लिनक्समध्ये २००९ साली आली. कडी बांधून ठेवण्याचा काळ काटेकोर मर्यादेत आणणारी वास्तव-काल रचना दोन दशकांच्या खटाटोपानंतर २०२४ च्या ६.१२ या आवृत्तीत मुख्य प्रवाहात समाविष्ट झाली. प्राधान्य कोणाला द्यावे याचे जे उत्तर ट्रान्सप्यूटरच्या चिपमध्ये होते, त्याच्या जवळ जाणारी ही वाटचाल आहे. दुसरीकडे, लॅपटॉपचे टचपॅड यूएसबी आल्यानंतरही वर्षानुवर्षे आतून पीएस/२ चीच भाषा बोलत राहिले. अनेक लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड तर आजही १९८१ मध्ये त्याला नेमून दिलेल्या पहिल्या क्रमांकाच्या वाहिनीवरच प्रोसेसरला हाक मारतो.